विणलेलं म्हणजे कोणतं?

मुनीरचाचा भेटले की आधी तुमच्या सदऱ्याचं टोक उलटं करतात, बोटांनी ताणून बघतात आणि एक आकडा सांगतात. तब्येतपाणी नंतर. एका लग्नात त्यांनी नवरीच्या मामाचा सदरा असाच ताणला आणि म्हणाले, "बासष्ट." मामा पन्नाशीचे, केस काळे करून आलेले. पंगतीत ते जेवलेच नाहीत.

आकडा वयाचा नसतो, कपड्याचा असतो. चाचा मूळचे रोहिणखेडचे, पण उमर गेली मुंबईच्या बंदरात. परदेशातून आलेल्या कपड्यांचे नमुने घेऊन जकातीच्या साहेबांसमोर उभं राहायचं आणि कोणता माल जकातीच्या पुस्तकातल्या कोणत्या प्रकरणात बसतो यावर भांडायचं, हे त्यांचं काम. प्रकरणाला ते चॅप्टर म्हणतात. सुयांवर विणलेलं, ताणलं की ताणणारं, म्हणजे स्वेटर, टी-शर्ट: एकसष्ट. मागावर विणलेला सदरा: बासष्ट. आता ते मोताळ्याच्या बाजारात ताडपत्री अंथरून परदेशी जुने कपडे विकतात.

त्या ताडपत्रीवर आम्ही चालून गेलो. त्या वर्षी बीटी कापसाच्या बोंडांतसुद्धा अळी निघाली होती. व्यापारी आमच्या कापसाला हात लावून तोंड वाकडं करत होते आणि बाजारात मात्र परदेशी स्वेटरांचे ढीग! मी पत्रक लिहिलं: 'परदेशात विणलेल्या कपड्यांची होळी करा!' माझा दोस्त सिद्धार्थ घासलेटची बाटली घेऊन आला. परदेशी कपडे चाचांकडेच होते, आणि त्यांचा हिवाळ्याचा सगळा माल त्याच ढिगात होता.

चाचांनी पत्रक शांतपणे वाचलं.

"काऊन बे, विणलेलं म्हंजे कोन्तं? सुईचं का मागाचं?"

"दोन्ही, चाचा."

"असं कसं दोन्ही? आधी चॅप्टर तं पाह्य!"

मी त्या दिवशी मराठीला पहिल्यांदा शिव्या घातल्या. स्वेटर विणतात, धोतर विणतात, खाटही विणतात. एवढी अन्यायाविरुद्ध लढणारी भाषा, आणि शब्द एकच!

सिद्धार्थने ढिगातून एक कपडा ओढला. "हे घ्या. हे एकसष्ट."

"बाह्या पाह्य ना बे. पोट सुईचं, बाह्या मागाच्या."

"मंग पोट मोठं का बाह्या?" म्हणत सिद्धार्थ बाटली खाली ठेवून वितीने मापं घ्यायला बसला. चाचांनी चहा सांगितला. आधी म्हणाले बासष्ट, मग एकसष्ट, मग म्हणाले, "थांब, मले आठवू दे."

मी भडकलो. "चाचा, मुद्दा कापसाचा आहे! हे परदेशी आहे!"

"कापूस कोन्या वावरातला, तुले मालूम आहे? आपलाच गेला असंल तिकडं अन् बाह्या लावून वापस आला. अन् तुह्या वावरात जे बीटी उभं आहे, त्याचं मूळ कुठलं? त्याले लावतं काय काडी?"

पत्रकात यावर काही नव्हतं.

एक बाई मध्येच वाकली. "भाऊ, जाळूनच राह्यले तं तो लाल मले द्या ना. पोरीच्या मापाचा आहे."

"आधी याचं ठरू दे, बाई," चाचा म्हणाले.

दुसरा चहा संपला तेव्हा सिद्धार्थच्या लक्षात आलं. "पन चाचा, हे तं वापरेल आहे."

चाचांनी कपाळावर हात मारला. "गठ्ठ्यातलं जुनं! मंग सुईचं असो का मागाचं, हे तं त्रेसष्ट बे! घंटाभर कायले भांडून राह्यलो आपन?"

बाजार उठायला लागला होता आणि नेमकं काय जाळायचं हेच आम्हाला कळेना. मी पत्रकं काखेत मारली. "राहू द्या चाचा. नाही जाळत आम्ही. तहसीलवर मोर्चा नेऊ."

मला वाटलं, ते सुटकेचा श्वास सोडतील. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हंजे पुढच्या बाजारी येनार नाही तुम्ही?"

"आता कायले, चाचा?"

त्यांनी ढीग उपसला, तळातला चांगला, जाड स्वेटर काढला आणि माझ्यापुढे धरला. "हा घे. जाळ. पन आधी दोघं बसा जरासे. मुंबईत दिवसभर भांडाले मानसं होती. इथं लोकं भाव इचारते अन् चालले जाते. हे काय होय म्हून कोनीच इचारत नाही."

सिद्धार्थने बाटली दूर सरकवली. मी ताडपत्रीवर बसलो, स्वेटर मांडीवर पसरला.

"चाचा," मी म्हणालो, "हे काय होय?"