मुगाची बाजू

कट्.

दुपारच्या शांततेत एवढाच आवाज झाला आणि त्रिशलाचा हात जागच्या जागी थांबला. कांजिण्यांनी बेजार झालेल्या पाच वर्षांच्या चंदनाचा आत्ता कुठं डोळा लागला होता. सासूबाई जैन बस्तीत दर्शनाला गेल्या होत्या. मंगळवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत घटकाभर तरी त्रिशलाकडून कुणाला काही नको होतं. आणि असल्या सोन्यासारख्या घटकेला तिनं केलं काय, तर शेजारच्या सलमाचा रंगीत ठोकळा फिरवला.

ठोकळा सलमाच्या नवऱ्यानं, दस्तगीरनं, दुबईहून पाठवलेला. सहा बाजू, सहा रंग, एकेका बाजूला नऊ घरं. सहा महिने तो काचेच्या कपाटात होता. चंदनाला बाहेर जाता येत नाही म्हणून एका दिवसापुरता आला, तोही बजावून.

"बघू दे तिला, पर फिरवू नगा वैनी," सलमा म्हणाली होती. "त्येनी लावून दिलाय तस्साच ऱ्हाऊ दे. संध्याकाळी न्हेईन मी."

एकदाच फिरवायचा आणि लगेच उलटा, असा त्रिशलाचा बेत होता. पण पहिला थर फिरला आणि तिला त्यात सगळी पेठच फिरताना दिसली. ह्या गल्लीतलं घर त्या गल्लीत, कुणाची खिडकी कुणाच्या अंगणात, आणि आपलं स्वयंपाकघर तर थेट रंकाळ्याच्या काठावर. तिनं आणखी एकदा फिरवला. मग आणखी. भान आलं तेव्हा एकाही रंगाला धड शेजारी उरला नव्हता.

दुपारची झोप आटोपून नवरा दादासो सेकंड शिफ्टला निघत होता. शिरोलीच्या फाउंड्रीत तो ओतकामाच्या साच्यांसाठी लाकडी नमुने, म्हणजे पॅटर्न, करायचा, त्यामुळे बिघडलेल्या कुठल्याही वस्तूवर त्याच्यापाशी उपाय असायचाच. दहा मिनिटं ठोकळ्याशी झटून, होता तोही गोंधळ वाढवून, त्यानं निकाल दिला.

"आमच्यात पॅटर्नचा रंग चुकला तर लाकूड बदलत न्हाईत. रंग काढायचा, नवा मारायचा. रंगाचं कागद सोडव नि जागच्या जागी चिकटव की." एवढं बोलून त्यानं सायकलवर टांग मारली.

चंदनाच्या अंघोळीसाठी कडुनिंबाचं पाणी उकळून ठेवलेलंच होतं. त्यात ठोकळा बुडवताच चोपन्नही कागद एका दमात सुटले, चुरगळले, आणि पाण्याला जांभळट रंग आला. पिठाच्या खळीचा वासही सुटला. दुबईतले लोकही कागद खळीनंच चिकटवतात तर, असं वाटून त्रिशलाला त्या परक्या मुलखाविषयी माया दाटून आली. मग हातातला काळाकुट्ट ठोकळा दिसला. नवऱ्याच्या हातचं म्हणून सलमाजवळ तेवढं एकच होतं.

तोवर चंदना उठली. मायलेकींनी डबे उघडले. हिरव्याला मूग, पिवळ्याला तूरडाळ, केशरीला मसूरडाळ, पांढऱ्याला तांदूळ, निळा कुठल्याच डब्यात नव्हता म्हणून काळे उडीद. लाल बाजूला त्रिशलानं आपल्या पाकिटातल्या नऊ टिकल्या लावल्या. डिंक लावून एकेका घरात दाणे बसवता बसवता दोघी इतक्या रमल्या की चोरी झाकायची आहे हे त्रिशला विसरूनच गेली. ठोकळा देखणा झाला. फक्त फिरवला की डाळ सांडणार. म्हणजे न फिरवण्याची सलमाची अट पाळणारा हा जगातला पहिला ठोकळा, असं तिनं स्वतःला समजावलं आणि मुगाची बाजू वर करून तो परसातल्या कठड्यावर वाळत ठेवला.

चहा गाळून ती बाहेर आली तर सलमाची शेळी कठड्याला पुढचे पाय लावून उभी होती. मुगाची बाजू चाटून स्वच्छ झाली होती. आणि शेळीच्या मागं, दाव्याचं टोक हातात धरून, सलमा उभी होती.

सलमानं ठोकळा उचलला, टिकल्यांवरून बोट फिरवलं.

"कागद कशानं निघालं?"

"गरम पाण्यानं. चुकलं माझं सलमाभाभी."

"लगेच निघालं आसतील."

"व्हय, एका दमात."

सलमा पायरीवर बसली. "निघणारच. माझ्या हातचं हुतं त्ये." पार्सल आलं त्याच दिवशी तिनं ठोकळा फिरवला होता. रंग परत जुळेनात म्हणून चार दिवस रडली, मग मूळचे रंग खरवडून पतंगाचे कागद लावले. "कपाटात उगं ठेवला व्हय? ओला हात लागला की कागद सुटायचं. आता ह्ये ईदला येतील तवा काय सांगू?"

"शेळीनं खाल्लं म्हणायचं."

"एक बाजू खाल्ली. बाकीच्या पाच?"

"ईदपातूर तिला उपाशी ठेवू या."

सलमाला हसू फुटलं ते थांबेना. त्रिशलाच्या हातातल्या कपातला चहा सांडला. शेळी आता तुरीच्या बाजूकडं बघत होती.

चंदना मात्र हसत नव्हती. फोड खाजवत ती ठोकळ्याकडं बघत होती.

"आई, सलमाचाचीनं कागद लावले. तू ते काढून डाळ लावलीस. शेळीनं मूग खाल्ला. मग दस्तगीरचाचांनी पाठवला त्यो ठोकळा कंचा?"

त्रिशलानं ठोकळा घेतला आणि शेळीनं चाटलेली काळी बाजू तिच्यापुढं धरली. सलमाही हसायची थांबून त्या बाजूकडंच बघत राहिली.