चार बोटं माया

आमच्या समोरच्या गच्चीवर एक बाई दर महिन्याला थोडी बारीक होत होती. तिला डोकं नव्हतं.

ती कापडाची आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरीही सकाळी दात घासत खिडकीशी उभा राहिलो की मी आधी तिच्याकडे बघायचो आणि मग घाईने नजर काढून घ्यायचो. परक्या बाईकडे टक लावून पाहिल्यासारखं वाटायचं. मला अपराधी वाटायला फारसं कारण लागत नाही. दूधवाला उशिरा आला तरी मीच त्याला 'माफ करा' म्हणतो. त्यात ही बाई एका जुन्या स्टँडफॅनच्या दांड्यावर बसवलेली होती. फॅनची मान अजून फिरत होती. वारा सुटला की बाई सावकाश वळायची आणि आमच्या खिडकीकडे तोंड करून थांबायची. म्हणजे, तोंड असतं तर.

ही बाई अण्णांनी केलेली. अण्णा आमचे समोरचे शेजारी. सरकारी कचेरीत आयुष्यभर धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढले, निवृत्त झाले, आणि पुढच्याच गुढीपाडव्याला एक सेकंडहँड शिलाई मशीन रिक्षात घालून घरी आले. गल्लीला वाटलं, बायकोसाठी, इंदूकाकूंसाठी आणलं. पण मशीनवर अण्णाच बसले. आणि काकू त्याच सुमाराला दिसेनाशा झाल्या.

'माहेरी गेल्यात. गगनबावड्याला,' अण्णा सांगायचे. पावसाळ्यात विचारलं की तिकडं पाऊस लई, घाट बंद. दिवाळीत विचारलं की धुकं लई. फेब्रुवारीत माझ्या बायकोनं, संगीतानं विचारलं, तेव्हा ऊन रखरखत होतं. अण्णांनी जरा विचार केला आणि म्हणाले, 'तिकडं हवा बरी हाय.'

काकू गेल्यापासून गल्ली सुनी झाली होती. अंगाने दणकट, आवाजाने त्याहून दणकट बाई. हळदीकुंकवाला त्यांच्याशिवाय सुरुवात होत नसे. त्यांनी हाक मारली की चार घरांतली माणसं 'काय?' म्हणून बाहेर यायची. आणि आता त्या घरातून फक्त मशीनची घरघर.

अण्णांचा एक शब्द होता, माया. शिवताना शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात, पुढे अंग भरलं तर उसवून वाढवता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात. हा शब्द शिकल्यापासून अण्णांनी तो जगातल्या सगळ्या वस्तूंना लावला. स्कूटर भिंतीपासून हातभर लांब लावायचे. का? माया. पुण्याची गाडी दहाची असली तर आठला स्टँडवर. माया. संगीता ताटात भात जरा काठोकाठ वाढायची, तर तिला म्हणाले, 'वैनी, ताटाला माया सोडा की.' एकदा मी गल्लीच्या तोंडाशी एका ट्रकला चिकटून मोटरसायकल उभी केली, तेव्हा त्यांनी मला सगळ्यांदेखत झापलं. 'मास्तर, गणित शिकवताय न्हवं? मग दोन वस्तूंच्या मधी जागा लागती एवढं कळंना व्हय?'

मी त्यांच्याकडे जायचो ते खरं तर चौकशीपोटी. ही कबुली देताना बरं वाटत नाही, पण गल्लीतल्या प्रत्येकाच्या मनात जे होतं तेच माझ्या मनात होतं. अण्णांनी बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर वर्षाचा आराखडा लावला होता. ट्रेसिंग पेपरवर, धरणाच्या नकाशासारखा, खाली प्रमाण आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण. महिन्याला एक कपडा, प्रत्येक कपड्यात एक नवं कसब. चैत्रात उशीचा अभ्रा, कारण त्यात नुसत्या सरळ टिपा. मग परकर, त्यात चुण्या. मग गाऊन, त्यात बाही. मग साधं ब्लाऊज, अस्तराचं ब्लाऊज, कटोरी ब्लाऊज, असं चढत चढत शेवटच्या फाल्गुनापर्यंत. शेवटच्या चौकोनात लिहिलं होतं, 'खण'.

तो खण कपाटावर वर्तमानपत्रात गुंडाळलेला होता. गर्द हिरवा, लाल काठाचा. त्या पाडव्याच्या गुढीला बांधलेला. गुढी उतरली की त्या खणाचं ब्लाऊज शिवायचं, ही त्यांच्या घरची रीत. दर वर्षी काकू तो महाद्वार रोडच्या टेलरकडे शिवायला टाकायच्या. 'औंदा मी शिवणार,' अण्णा म्हणाले. 'पण ह्याला कात्री लावायची लायकी यायला वरीस जाईल. खण एकदा कापला की कापला.'

सुरुवात भयंकर होती. पहिल्या परकराला त्यांनी वरही टीप मारली आणि खालीही, तो परकर कमी आणि पोतं जास्त झाला. गाऊनला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या बसल्या. माणूस मात्र हरत नव्हता. उसवायचे आणि पुन्हा शिवायचे. तयार कपडा त्या बाईच्या अंगावर चढवून गच्चीवर उन्हात उभी करायचे आणि लांब जाऊन, एक डोळा मिटून, नकाशा तपासल्यासारखे बघायचे.

माझ्या लक्षात आलं ते श्रावणात. गच्चीवरची बाई ज्येष्ठातल्या बाईपेक्षा बारीक होती. मला वाटलं, पावसाने कापूस बसला असेल. भाद्रपदात पुन्हा बारीक. दसऱ्याला तर तिचे खांदे खाली आले होते आणि कंबर माझ्या दोन्ही हातांत मावली असती. एका दुपारी मी गेलो तर अण्णा तिच्या बगलेतली शिवण उसवून आत हात घालून कापूस काढत होते. मुठी मुठी काढून पेपरवर ठेवत होते.

मी विचारलं, असं का?

'मापात बदल हाय,' एवढंच म्हणाले.

गल्लीत तोवर बऱ्याच गोष्टी झाल्या होत्या. पोरांनी बाईचं नाव 'बिनडोकी काकू' ठेवलं होतं. दोन मोठ्या माणसांनी मला बाजूला घेऊन विचारलं की अण्णांनी काकूंचं काही बरंवाईट तर केलं नसेल ना. मी त्यांना रागावलो, आणि घरी येऊन तेच संगीताला विचारलं.

दिवाळीत अण्णांनी आम्हाला एक उशी भेट दिली. लहानशी, मऊ, त्यांच्या पहिल्यावहिल्या अभ्र्यातली. संगीता ती हातात घेऊन बघत राहिली. 'ह्यात कापूस कुठला भरलाय?' तिनं मला विचारलं. मला कळलं होतं. तिलाही कळलं होतं. तिनं उशी माझ्या बाजूला सरकवली आणि म्हणाली, 'तुम्ही झोपा.' मी झोपलो. भेट नाकारणं मला जमत नाही. त्या उशीवर डोकं टेकलं की कुणाच्या तरी अंगावर डोकं टेकल्यासारखं वाटायचं, आणि मी सकाळपर्यंत कूस न बदलता पडून राहायचो, तिला त्रास होऊ नये म्हणून.

मग माघातली ती दुपार. दार लोटलेलं होतं. आतून अण्णांचा आवाज आला. 'हात वर कर. जरा आणिक. दुखतंय व्हय? ऱ्हाऊ दे, ऱ्हाऊ दे.'

मी आत गेलो. आतल्या खोलीच्या पडद्यातून अण्णा गळ्यात टेप घालून बाहेर आले, मला बघून थबकले आणि झटकन मशीनवर बसले. बाहेरच्या खोलीत मी, अण्णा आणि ती बाई. तिला हात नव्हतेच. तेवढ्यात पडद्यामागे कुणीतरी खोकलं. बारीक, कोरडा खोकला. अण्णांनी मशीनचं पायडल जोरात मारलं. मशीन घरघरू लागलं. खोकला थांबेपर्यंत ते मान खाली घालून टीप मारत राहिले. मी बघत होतो. सुईत दोरा नव्हता. कापडावर नुसत्या भोकांची सरळ रांग उमटत चालली होती.

मी काही न विचारता निघालो. दारात त्यांनी मागून म्हटलं, 'मास्तर, हवा बरी हाय तिकडं.' मी हो म्हटलं.

पाडव्याला सकाळी गच्चीवर बाई नव्हती. तिच्या जागी गुढी उभी होती, आणि गुढीला डोकं होतं, तांब्याचं. मी खिडकीतून हललोच नाही. संगीतानं श्रीखंडाची वाटी माझ्या हातात दिली. 'जा. काय असेल ते बघून या,' ती म्हणाली.

अण्णांनी दार अर्धवट उघडलं. वाटी घेतली आणि दारातच उभे राहिले. मी वळणार, एवढ्यात आतून हाक आली.

'कोण हाय? मास्तर का? येऊ दे की आत.'

आवाज बारीक झाला होता, पण हाक तीच होती. अण्णांनी माझ्याकडे बघितलं आणि बाजूला झाले.

पलंगावर भिंतीला टेकून त्या बाईच बसल्या होत्या. म्हणजे गच्चीवरच्या. तेच खाली आलेले खांदे, तीच दोन हातांत मावणारी कंबर. डोक्याला रुमाल बांधलेला. आणि अंगात हिरव्या खणाचं ब्लाऊज, कुठेही सुरकुती नाही. मी एक पाऊल मागे सरलो.

'भिऊ नका मास्तर,' इंदूकाकू म्हणाल्या. 'मला डोकं हाय.'

त्या हसल्या, मग खोकल्या. अण्णा पाण्याचा पेला घेऊन उभे राहिले. या वेळी मशीन चालवलं नाही.

काकू गगनबावड्याला गेल्याच नव्हत्या. दवाखान्यात जायच्या त्या मागच्या बोळातून, रिक्षाचे पडदे सोडून. 'मला बगून बायका चुकचुक करणार,' त्या म्हणाल्या. 'त्यो आवाज नको वाटला. आणि माप द्यायला टेलरकडं कुठल्या तोंडानं जाऊ? दर महिन्याला जुना कपडा अंगातनं गळून पडायचा. मग हे म्हणाले, मी शिवतो. ह्यांनी आयुष्यात कधी बटण लावलं न्हवतं बगा.'

वर्षभर आडवं पडलेल्या माणसाला कपडे चढवून उतरवून बघता येत नाही. म्हणून अण्णांनी काकूंच्या मापाची दुसरी बाई केली होती, आणि जेवढ्या काकू घटतील तेवढी तिला घटवत आले होते.

'एक दाखवा त्यास्नी,' काकू म्हणाल्या.

अण्णांनी खुंटीवरचं कटोरी ब्लाऊज काढून उलटं केलं. आतल्या बाजूला दोन्ही शिवणींना चार चार बोटं कापड दुमडून, धावदोऱ्याने नीट बसवलेलं. त्यांनी गाऊन उलटा केला. तसंच. जुन्या मापाचं सगळं कापड आत होतं. वर्षभरात त्यांनी एकाही कपड्याची माया कापली नव्हती.

'टोचत असंल हिला,' ते माझ्याकडे न बघता म्हणाले. 'पण कापली की गेली. ठेवली तर उसवता येती.'

'लई टोचतंय,' काकू म्हणाल्या. 'ऱ्हाऊ दे.'

मी घरी आलो आणि संगीताला सगळं सांगितलं. ती उठून आत गेली, उशी उचलून आणली आणि कपाटात वरच्या कप्प्यात, तिच्या चांगल्या साड्यांवर ठेवली. त्या दिवसानंतर मी त्या उशीवर डोकं टेकलं नाही.

पुढे वैशाख सरला. गच्चीवर बाई पुन्हा उभी राहू लागली, पण आता गल्ली तिच्याकडे बघेनाशी झाली. पोरांना कुणी काही सांगितलं होतं की काय, ठाऊक नाही.

ज्येष्ठात एका सकाळी दारात अण्णा. हातात छोटी कात्री. आत या म्हटलं तरी येईनात. बराच वेळ चपलेच्या अंगठ्याने उंबरा घासत राहिले.

'मास्तर, दिलेली वस्तू मागू नये. पण ती उशी हाय का घरात?'

संगीतानं धावत जाऊन आणली. अण्णांनी ती उंबऱ्यावरच मांडीवर घेतली, कोपऱ्याची टीप उसवली, आत दोन बोटं घातली आणि मूठभर कापूस बाहेर काढला. तळहातावर तोलून बघितला. त्यातला थोडा परत आत सारला. मग खिशातून सुईदोरा काढून कोपरा शिवला आणि उशी संगीताच्या हातात दिली.

'सगळी न्या की अण्णा,' ती म्हणाली.

'न्हाय, न्हाय. सध्या एवढाच लागतोय.' मूठ छातीशी धरून ते उठले. 'बाकीचा ऱ्हाऊ दे तुमच्याकडं. लागंल तसा नेतो.'