साल्वादोर सरांचा रुमाल

हे मी लिहिणारच नव्हतो. तीनदा टाइप केलं, तीनदा पुसलं. साल्वादोर सर म्हणजे आमच्याकडे देवमाणूस, उगाच त्यांचं हसं नको. पण आता सर स्वतःच सगळ्यांना सांगत सुटलेत, मग मी कशाला गप्प बसू?

साल्वादोर सर चव्वेचाळीस वर्षं चर्चचा क्वायर चालवतात. सोप्रानो, आल्टो, टेनर आणि सगळ्यात खालचा जाडा बेस, चारही आवाज पाहिजेत. एक जरी कमी पडला तर त्यांना जेवण जात नाही. यंदा बेसच उरला नव्हता. शेवटचा बेस ज्युड, तो जहाजावर नोकरीला गेला. आणि फेस्त, म्हणजे चर्चचा वार्षिक सण, चार दिवसांवर.

फादर म्हणाले, "सर, बेस मिळाला नाही तर पेनड्राइव्हवरची गाणी लावू. पुढच्या वर्षापासूनही तेच सोयीचं."

सर घरी आले आणि खुर्चीत बसले. "डोरथी, माझो क्वायर पेनड्राइव्हात जातलो."

"आदी जेवा," बायको म्हणाली. "मगे रडा."

चर्चची कौलं बदलत होती म्हणून सराव किनाऱ्यावर. सर समुद्राकडे तोंड करून, क्वायर सरांकडे. पण सकाळचं ऊन थेट गाणाऱ्यांच्या डोळ्यांत, सरांचे हातच दिसेनात. मग सरांनी खिशातला पांढरा रुमाल काढला आणि तो हलवायला लागले.

त्याच वेळी तुकारामची रापण लागत होती. रापणीत होडी जाळं घेऊन आत जाते आणि किनाऱ्यावरचा एक जण पाण्याचा रंग बघून फडकं हलवतो, मासळी कुठे ते दाखवतो. हे काम दाजींचं. दाजी नेमके चहाला गेले होते. होडीतून किनाऱ्यावर एकच फडकं दिसत होतं.

सरांनी सोप्रानोला खूण केली, होडी उजवीकडे वळली. आल्टोला केली, होडी डावीकडे. मग 'आलेलुया' आला. सरांनी दोन्ही हात पसरून गोल फिरवले. होडीनेही गोल चक्कर मारली. आलेलुया दोनदा होता.

"दाजी सकाळीच घेवन इलो काय रे?" तुकाराम होडीतून ओरडला.

"घेतल्यानी तरी सांगतत ता करूचा," निकेत वल्हं मारत म्हणाला.

दाजी चहा टाकून धावत आले. "सर, हात खाली करा! होडी भिरभिरता!"

"ओळ संपांदे!" सर म्हणाले. मध्येच गाणं तोडायची त्यांना सवय नाही. ओळ संपेपर्यंत जाळ्याने अर्ध्या बंदराला वेढा घातला होता.

बावीस जण दोऱ्या ओढायला लागले. जाळं हलेना. बाजूला क्वायर चालूच. हळूहळू सगळे सरांच्या रुमालाच्या तालावर ओढायला लागले आणि ओढताना पोटातून एकच जाडजूड सूर, "होऽऽऽ!"

सर थबकले आणि सोप्रानोत उभ्या बायकोला ओरडले. "डोरथी! बेस!"

जाळ्यात बांगडे असे आले की टोपल्या कमी पडल्या. तुकाराम खूष. "सर, उद्यापासून फडका तुमीच मारा."

"मारतंय. पण रविवारी फेस्ताक तुमी सगळ्यांनी चर्चात येवचा."

"आमका गाना खंय येता?"

"येता. तुमका म्हायत नाय इतक्याच."

शनिवारी कौलं बसून झाली, पण चर्चमध्ये रापणवाल्यांपैकी एकाचाही आवाज फुटेना. निकेत म्हणाला, "दोरी नाय तर सूर खयसून येतलो?" दोरी आणली. दुसरं टोक जड वस्तूला बांधायला हवं, म्हणून फादरांच्या मोठ्या स्पीकरला बांधलं. आवाज फुटला, पण सूर एकच, होऽऽऽ. त्या रात्री सरांनी, ज्यांनी चव्वेचाळीस वर्षं स्वरलिपीतला एक ठिपका बदलू दिला नाही, लाल पेन घेतलं आणि सगळ्या गाण्यांतला बेस एकाच सुरावर आणून ठेवला.

फेस्ताला बावीस जण आत मावेनात, म्हणून ते बाजूच्या दाराबाहेर दोरी धरून उभे राहिले. चर्च हादरलं. तिसऱ्या गाण्याला स्पीकर हलला. चौथ्याला बाजूच्या दारातून अंगणात गेला, मागून फादर. वायर धरून.

"फादर, दोरी सैल पडली," तुकाराम म्हणाला. "स्पीकर परत आत घेवा."

फादरांनी खिशातला पेनड्राइव्ह चाचपला आणि पेनड्राइव्हचं नाव पुन्हा काढलं नाही.

काल ब्रॅंडन भेटला, आमचा दोस्त, क्वायरमधला टेनर. तोंड पाडून बसला होता. "बेस बावीस, टेनर आमी तीन. आमी ऐकाकच येणव नाय रे. तू येशीत?"

मला सूर म्हणजे काय तेही कळत नाही. पण त्याचं तोंड बघवेना. वचन देऊन टाकलं, "येतलंय. पण दोरी स्पीकराक नको. दोरीचा दुसरा टोक आपण टेनरांनी धरूचा."