काठोकाठ भरलेलं रीळ

निवड करण्यात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचा आहे! ज्याने विद्यापीठात मराठी शिकताना एकेका कवितेतल्या एकेका स्वल्पविरामापाशी आठवडाभर मुक्काम केला, त्याला तळ्याकाठून मासे धरण्यासाठी गळाच्या काठीवरचं, दोरा गुंडाळायचं एक स्वस्तातलं स्पिनिंग रीळ निवडणं ते काय अवघड?

खरं तर मला रीळ नको होतं. सासरेबुवांशेजारचा दगड हवा होता. दर रविवारी ते तळ्यावर गळ टाकून बसतात. त्यांचा जुना सोबती मुलाकडे राहायला गेला आणि तो दगड रिकामा झाला. लग्नाला चार वर्षं झाली, तरी आमचं संभाषण ‘बरं आहे ना?’ आणि ‘बरं आहे’ यांच्यापुढे सरकलेलं नव्हतं. मी धीर करून विचारलं, तेव्हा ते म्हणाले, “या की. पण रीळ स्वतः निवडून आणा, स्वस्तातलं. महागडं कुणीही निवडतं, जावईबापू. स्वस्तातलं चांगलं ओळखायला अक्कल लागते.”

“जपून हं,” बायको म्हणाली. “ताईच्या नवऱ्याला बाबांनी पहिल्याच रविवारी परत पाठवलं होतं.”

“का?”

“खोकला तो.”

मी तीन आठवडे अभ्यास केला आणि दुकानात गेलो.

“होडीतून की काठावरून?” दुकानदाराने चष्म्यावरून विचारलं.

“काठावरून.”

“मग हे मधल्या मापाचं बघा. याहून मोठं म्हणजे मनगटाला उगाच जाच.”

मी एकेक रीळ कानाशी धरून फिरवलं. पहिलं सांधेदुखीच्या म्हाताऱ्यासारखं कुरकुरलं. दुसऱ्याची मूठ पडायला आलेल्या दातासारखी हलत होती. तिसरं मात्र असं फिरलं, की जणू कुणीतरी शांतताच गुंडाळून ठेवत आहे.

“हेच!” मी म्हणालो.

“नजर आहे तुम्हाला,” दुकानदार म्हणाला. त्याने रिळावर तंगुसाचा नायलॉनी दोरा चढवला आणि चक्क मध्येच थांबला.

“काठ रिकामा राहिला की!”

“तेवढा ठेवायचा असतो, साहेब. उरलेला दोरा घरी असू द्या.”

कवितेतली कोरी जागा बोलते, असं मी परीक्षेत तीन पानं लिहिलं होतं. रिळावरची कोरी जागा मात्र मला निव्वळ आळशीपणा वाटली! घरी येऊन मी उरलेला दोरा गाठ मारून जोडला आणि फिरवत बसलो.

“अरे, पुरे! बाहेर यायला लागलाय,” बायको म्हणाली.

“समृद्धी अशीच दिसते,” मी म्हणालो.

रविवारी सकाळी तळ्याकाठी माणसाला माणूस खेटून बसला होता. आमच्या डावीकडे शिंपी, उजवीकडे टपालवाले, दोघेही नेहमीचे. सासरेबुवांनी माझं रीळ हातात घेतलं, मूठ हलवून पाहिली, एकदा फिरवलं आणि म्हणाले, “हं. निवड चांगली आहे.”

चार वर्षांतलं त्यांच्या तोंडचं हे पहिलं कौतुक! “पण हा दोरा इतका कुणी भर...” असं ते पुढे म्हणत होते. मी मात्र त्या आनंदात रिळावरची, दोरा अडवणारी तारेची कमान उघडून काठी फिरवली होती!

रिळाने एकाच दमात सगळं मन मोकळं केलं. वेटोळ्यांचा पुंजका उसळला आणि काठीच्या कडीत अडकला. दोऱ्याच्या टोकाचं शिसं हवेत थबकलं, माघारी वळलं आणि टपालवाल्यांची टोपी घेऊन शिंप्याच्या काठीभोवती फिरलं.

“माझी टोपी!”

“ओढू नका! अहो, ओढू नका!”

“सोडवतो, सोडवतो!” असं म्हणत मी शिंप्याला एक प्रदक्षिणा घातली, मग घाईघाईत उलटी घालायची ती टपालवाल्यांना घातली. आता तिघांच्या काठ्या एका जिवाच्या झाल्या होत्या.

“चाळीस वर्षं दोऱ्यात गेली माझी,” शिंपी हताशपणे म्हणाला, “पण असा गुंता नाही पाहिला!”

दीड तास आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून दोरा उकलत होतो. सासरेबुवा पाण्याकडे पाहत होते. शेवटी शिंप्याने दोरा दातांनी तोडला, टपालवाल्यांनी टोपी झटकली आणि दोघेही पलीकडच्या काठाला निघून गेले. त्यांच्यामागून बाकीचेही एकेक करून उठले.

पाण्यावर नुसतं ऊन उरलं. दगड हातचा गेला हे मला कळून चुकलं.

“चुकलं, बाबा,” मी पुटपुटलो. “मी येत नाही पुन्हा.”

त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पाय लांब पसरले आणि मन लावून एक सुस्कारा सोडला.

“बारा वर्षांत इथं एवढी ऐसपैस जागा मिळाली नव्हती,” ते म्हणाले. “पुढच्या रविवारी या. सगळे नीट बसले, की एकदाच फेका.”

आता मी दर रविवारी जातो. मासा अजून एकही लागलेला नाही. पण तळ्याकाठी माझी काठी उचलली जाताच माणसं ज्या आदराने उठून उभी राहतात, तो आदर मला विद्यापीठात कधी मिळाला नाही!