जागेवर वाचणारा मधू

आमच्या शेजारचा मधू पुस्तक वाचता वाचता मध्येच उठतो आणि चालू लागतो. का, तर पुस्तकातली बाई गिरगावातून दादरला गेली. मग हाही पुस्तक मिटून दादर गाठतो आणि तिथे पुढचं पान उघडतो. घरी, नागावात, एक ओळ वाचत नाही. "काकू, जागेवर वाचायचं. नाहीतर कळत नाही," म्हणतो. सुपारीच्या वाडीत जन्म काढलेला माणूस, साठी उलटल्यावर मुंबईची पुस्तकं मुंबईत वाचायला मांडव्याहून लाँचने जातो.

एकदा पुस्तकातली चाळ पाडून तिथे टॉवर झालेला. हा गेटातच वाचत बसला. वॉचमनने विचारलं, कोणाकडे जायचंय? याने पुस्तकातल्या माणसाचं नाव सांगितलं. वॉचमनने वर फोन लावून विचारलंसुद्धा.

पावसाळ्यात लाँच बंद. गेल्या वर्षी पुस्तकातली बाई सगळा पावसाळा चर्नी रोडच्या पुलावर नवऱ्याची वाट बघत उभी होती. मी विचारायची, "उतरली का रे खाली?"

"नाही काकू, लाँच कुठे सुरू झालीय?"

"मग एसटीने जा."

"एसटी लागते मला."

एसटी त्याला कधीच लागली नाही. लागायची ती त्याच्या बायकोला. सुमन गिरगावची. लग्नात ट्रंकभर पुस्तकं घेऊन आली. झोपाळ्यावर वाचत बसायची आणि म्हणायची, "एकदा चला हो, यातल्या जागा दाखवते." हा म्हणायचा, "सुपारी उतरू दे." सुपारी दर वर्षी उतरायची. सुमन गेली, मग हा निघाला.

यंदा ट्रंकेतलं शेवटचं पुस्तक उरलं. लाँच बंद व्हायला आली होती. मला मुंबईच्या डॉक्टरला डोळे दाखवायचे होते, म्हणून मीही त्याच्याबरोबर गेले. डॉक्टरकडून आम्ही गिरगावात आलो. एका गल्लीत तो जुन्या घराच्या पायरीवर बसला. माझे पाय दुखत होते. मी शेजारी टेकायला गेले.

"तिथे नको काकू. या बाजूला बसा."

बसले या बाजूला. तो वाचू लागला, मोठ्याने, त्या रिकाम्या बाजूकडे मान करून. येणारेजाणारे बघत होते. त्याला त्याचं काही नाही. शेवटचं पान आलं आणि त्याने पुस्तक मिटलं.

"अरे, एकच पान राहिलंय. वाचून टाक."

"लाँच चुकेल, काकू. राहिलेलं गणपती झाल्यावर."

धक्क्यावर जाऊन आम्ही दोन तास शेंगा खात बसलो.