कवळीचा कागद

पार्लरच्या छतातून फेशियलच्या खुर्चीवर टपटप पाणी गळायला लागलं, तेव्हा पार्लरवालीनं आधी वर जाऊन भांडून घेतलं आणि मग सरळ खटला भरला. वर दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. डॉक्टरांचं हसणं अख्ख्या गल्लीत नावाजलेलं, कारण दात असे की बघत राहावं.

कोर्टाच्या हुकमानं डॉक्टरांना आपले कागद तिच्या वकीलबाईंकडे द्यावे लागले. त्यात प्लंबरची एक चिठ्ठी निघाली: 'पाइप ठीक आहे. साहेब रोज सकाळी कवळी धुवायला नळ सोडतात आणि पेपर वाचत बसतात. बेसिन भरून वाहतं.'

"कवळी!" पार्लरवाली उडालीच. "म्हणजे ते सगळे दात... अगं बाई!"

"कुणाला सांगायचं नाही हं," वकीलबाई म्हणाल्या. "खटल्यासाठी मिळालेले कागद खटल्यापुरतेच वापरायचे. बाहेर एक शब्द काढलात तर कोर्टाचा अवमान. भर कोर्टात वाचले गेले की तुम्ही मोकळ्या."

"ते कधी?"

"सात-आठ महिने धरा."

आता, पार्लर काही नुसत्या कात्रीवर चालत नाही. अर्ध्या बायका तर बातम्यांसाठीच यायच्या, आणि इथे गल्लीतली सगळ्यात मोठी बातमी हिच्या पोटात कोंडलेली. मास्तरीणबाई भुवया कोरायला आल्या आणि सहज म्हणाल्या, "वरच्या डॉक्टरांचे दात किती छान, नाही गं?" त्यासरशी हिच्या हातून त्यांची अर्धी भुवई उडाली.

गिऱ्हाइकांना वाटलं, हिचं घरी काहीतरी बिनसलंय. नवऱ्याला वाटलं, घसा बसलाय. अगदीच असह्य झालं की ती मोरीत जाऊन दार लावायची आणि आरशाला "कवळी, कवळी, कवळी" असं सांगून बाहेर यायची. तेवढंच बरं वाटायचं.

सुनावणीला आठवडा उरला असताना वकीलबाईंचा फोन आला. "पेढे वाटा, पेढे! डॉक्टर तडजोडीला तयार आहेत. अख्खं छत नवं करून देतायत, रंगासकट."

"आणि ती चिठ्ठी कोर्टात कधी वाचणार?"

"तडजोड झाल्यावर कसलं वाचणं? ती परत जाणार."

"मग मी कधी बोलायचं?"

"कधीच नाही."

पार्लरवालीनं वर बघितलं. एक थेंब नेमका तिच्या कपाळावर पडला. तो पुसत ती म्हणाली, "नको मला छत."

वकीलबाईंनी दोनदा विचारलं. नवरा कपाळाला हात लावून बसला. पण बाई हलली नाही.

सुनावणीच्या दिवशी वकीलबाईंनी चिठ्ठी खणखणीत आवाजात वाचली. पार्लरवालीनं तृप्त होऊन डोळे मिटले. उघडले तेव्हा डॉक्टर उभे होते.

"खरं आहे, साहेब. ही मीच बनवलीय." असं म्हणत त्यांनी शांतपणे कवळी काढून दाखवली आणि पुन्हा बसवली. न्यायाधीश चष्मा सरसावून पुढे वाकले.

डॉक्टरांच्या वकिलांनी लगेच पार्लरवालीचं तक्रारीचं जुनं पत्र काढलं. "यात बाई लिहितात, 'देवानं तुम्हाला दात मोत्यासारखे दिले, अक्कल का नाही दिली?'"

"म्हणजे शेजारणीलाही ओळखू आली नाही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही, साहेब," ती पुटपुटली.

निकाल लागला. डॉक्टरांनी नळ वेळेवर बंद करावा. चांगली तडजोड नाकारल्यामुळे छताचं बाईंनी बाईंचं बघावं.

बघू की! छत गेलं खड्ड्यात, तोंड तर सुटलं. दुसऱ्या दिवशी तिनं तासभर आधीच पार्लर उघडलं. बघते तर जिन्यात ही रांग! डॉक्टरांनी चिठ्ठी आणि तिचं पत्र, दोन्ही मोठ्ठी छापून भिंतीला लावली होती. खाली लिहिलं होतं, 'कवळी इथे बनवून मिळेल.'

तिनं तिथूनच वकीलबाईंना फोन लावला. "असं लावता येतं का हो?"

"आता येतं. कोर्टात वाचलं गेलं ना? मग तुम्हीही मोकळ्या आणि तेही."

रांगेत मास्तरीणबाई होत्या, आपल्या म्हाताऱ्या आईचा हात धरून. भुवई अजून पुरती आली नव्हती.

"डॉक्टर म्हणाले, तुला सात महिने ठाऊक होतं?" त्या कडाडल्या. "धड कवळी मिळेना म्हणून माझ्या आईनं सात महिने नुसत्या दुधावर काढले! एरवी तुझं तोंड मिटत नाही, आणि नेमकं हेच सांगायला काय झालं होतं गं तुला?"