अविवाबाईंची बदकांवरील स्वारी

आमच्या कुळाचे पैगंबर एलियाहू हन्नाबी यांचे नाव घेऊन हा मजकूर लिहिला असे. ब्रॅकनेल प्रांतीच्या वाकरूळकर घराण्याने बदकांवर जी मोहीम केली, तिची हकीकत पुढे कोणी ना कोणी विचारील, आणि घरचे लोक आपापल्या सोयीने सांगतील, सबब जाहले तैसे लिहून ठेविले आहे. कोठे रंगविले ऐसे वाटल्यास तो रंग इंग्रजांनीच पुरविला जाणावे.

वाकरूळकर हे मूळचे कोकणातील बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, शनिवार तेली. आठवडाभर घाणा चालवावा आणि शनिवारी बैलाने व धन्याने दोघांनीही स्वस्थ बसावे, ऐसा कुळाचार. त्या कुळात राजश्री हिलेल साहेब निपजले, आणि मुंबईहून विलायतेस आले, आणि ब्रॅकनेलास एका संगणकवाल्या कंपनीत सर्व्हरांचे सुभेदार जाहले. स्वभावे मवाळ. बारा वर्षांत इंग्रजांची एकच विद्या त्यांनी पुरती हस्तगत केली: कोणी पायावर पाय दिला, रांगेत पुढे घुसला, वा दिला शब्द फिरविला, तर हसून 'नो वरीज' म्हणणे. दुसरे सरदार हरले म्हणजे पांढरे निशाण उभारितात. हिलेल साहेबांस कापडाचाही खर्च नसे.

त्यांची एकुलती कन्या अविवाबाई, उमर दहा वर्षे. बाईंचे पाय जन्मापासूनच चाकरीस रुजू जाहले नाहीत, सबब जांभळ्या रंगाची चाकांची खुर्ची, हाच त्यांचा खासा रथ. आणि तो त्या ऐशा दौडवीत की सुपरमार्केटात भलेभले बाजूस होत. यांस एक विद्या अवगत होती. बदकिणीची हाक तोंडाने काढीत, आधी उंच, मग उतरत उतरत पाच वेळा, ऐसी हुबेहूब की शेजारच्या गोऱ्या बाईने दाराच्या फटीतून चिठ्ठी टाकिली, की आपण घरात पक्षी पाळिले असल्यास कौन्सिलला कळविले आहे काय. यूट्यूब पाहून पाहून सारा उन्हाळा बाईंनी ही तालीम केली आणि घरच्यांचे कान किटविले.

ऐसे असता सप्टेंबर माही शाळेने वर्ग पाणथळीवर नेला, की शिकारी लोक कुत्री कैशी सोडितात, नकली बदके पाण्यावर कैशी मांडितात आणि खरी कैशी बोलावितात, हे मुलांनी पाहावे. तेथे कुंपणास लाकडी पायऱ्यांची चढण निघाली आणि रथ अडला. मग मास्तरीणबाईंनी गोड आवाजात फर्माविले की अविवाने मिनीबसमध्येच बसावे, हीटर लावून देते, 'यू विल बी कम्फी'. बाई दोन तास कम्फी बसल्या. वर्ग परत आला तो चिखलाने माखून आणि बडबडीने भरून, आणि नील नामे पोराने बदकाचा आवाज काढून दाखविला, आणि तो अगदीच बेडकाचा होता, आणि सर्वांनी टाळ्या पिटिल्या. अविवाबाईंनी चुका मनात मोजिल्या. ज्याने बदक पाहिलेच नाही, त्याची दुरुस्ती कोण ऐकतो.

घरी येताच मात्र तीर्थरूपांस हुकूम जाहला:

"डॅडा, मी परत गाडीमध्ये वेट नाही करणार. एव्हर. मला पाण्याच्या जवळ जायचा आहे. माझा आवाज रिअल डक्सने ऐकला पाहिजे."

व्याकरण जागीच ठार जाहले, परंतु हुकूम स्पष्ट होता. हिलेल साहेबांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला की हाफ-टर्मची सुटी संपण्याच्या आत तुला बदकांपुढे उभी करीन. उभी हा शब्द तोंडातून गेला खरा. दोघांनीही तो सोडून दिला.

मग मोहिमेची सिद्धता आरंभिली. हिलेल साहेबांनी कंपनीच्या सहलीत एकदा मातीच्या उडत्या बशीवर बंदूक झाडून ती बशी फोडिली होती, तेणेकरून आपण शिकारी आहो ऐसा त्यांचा समज होता. त्यांनी पहिल्याच इस्टेटीस फोन लाविला आणि विचारिले, की मुलीस घेऊन 'डक हंटिंग'ला यावयाचे आहे.  मग उत्तर आले की इंग्लंडात बदक कोणी हंट करीत नाही, हंट कोल्ह्याचा होत असे आणि तोही आता कायद्याने बंद. बदक शूट करितात. हिलेल साहेबांनी 'नो वरीज' म्हणून शब्द सुधारून घेतला, आणि त्या सुधारणेनेच घरात घोळ जाहला.

कारण हिलेल साहेबांच्या मातुःश्री एलिशेबाबाईंनी स्वयंपाकघरातून इतकेच ऐकिले की अविवाला शूटिंगला न्यावयाचे आहे. मुंबईत शूटिंग म्हणजे एकच. त्यांनी त्याच दुपारी लंडनातील झाडून साऱ्या नातलगांस फोन करून नात सिनेमात चालल्याचे जाहीर केले, आणि आपली मोरपंखी रेशमी साडी इस्त्रीस काढिली, आणि विचारिले, "हिलेल, मेकअपवाले तिकडचेच असतात ना रे? का आपण पावडर न्यायची?" खुलासा होताच मातुःश्री क्षणभर खचल्या. मग सावरून त्यांनी दोन कलमांचा जाहीरनामा काढिला. कलम पहिले, बंदुकीने मेलेले जनावर कोशर नव्हे, आपल्या धर्मास वर्ज्य, तरी एक पीसही आपल्या स्वयंपाकघरात येऊ नये. कलम दुसरे, सर्वांस सांगून चुकले आहे, आता मी येणारच, आणि हीच साडी नेसून येणार.

येणेप्रमाणे ज्या युद्धाची लूट घरी आणण्याची मनाई, ते युद्ध मांडिले गेले. त्यातही मुहूर्त मिळेना. शिकारी इंग्रज निघतात शनिवारी, आणि शनिवारी वाकरूळकरांचा देव सुटीवर. रविवार मागावा तर इस्टेटवाले म्हणत, त्या दिवशी आमचा सुटीवर. दोन देवांच्या रजांमधून हाफ-टर्मचा मंगळवार तेवढा निघाला. हॅनाहबाई, म्हणजे अविवाची मातुःश्री, यांची त्या दिवशी इस्पितळात कामाची पाळी होती, त्यांनी डबा भरून दिला आणि नवऱ्यास निक्षून सांगितले, "आज कोणालाही नो वरीज म्हणू नकोस. प्लीज."

ही ताकीद अकारण नव्हती. कारण मधल्या पंधरवड्यात दोन किल्ले हातचे गेले होते. पहिला ब्रॅकनेलाजवळचा. तेथील कारभाऱ्याने लिहून दिले की आमची मचाण 'फुल्ली अ‍ॅक्सेसिबल' आहे, आणि जाऊन पाहता तीन पायऱ्या. विचारणा करिता जबाब आला की तीनच तर आहेत. हिलेल साहेब 'नो वरीज' म्हणाले आणि फौज माघारी वळली. दुसरा किल्ला कार्डिफच्या खाडीकाठी एका शिकारी क्लबाचा. तेथवर तीन तास मजल मारून जाता दिसले की अपंगांच्या गाड्यांकरिता जागा आखिली आहे, पिवळे पट्टे नवे कोरे, वर निळा फलक, फलकावर चाकाच्या खुर्चीचे चित्र, आणि फलकामागे लगोलग गुडघाभर चिखल. म्हणजे अ‍ॅक्सेस होता, पण फलकापर्यंत. अविवाबाईंनी त्या फलकाकडे ऐसे पाहिले की हिलेल साहेबांस तेथे उभे राहवेना. तरी तोंडातून निघाले तेच. परतीच्या वाटेवर बाई बदकाच्या आवाजात बोलल्या नाहीत, आणि माणसाच्याही नाहीत. त्या शांततेने हिलेल साहेबांस जितके लागले तितके चिखलाने लागले नव्हते.

आता उरला तिसरा किल्ला, केंब्रिजपलीकडील पाणथळ मुलखात विदरमेअर नामे इस्टेट. यांच्या वेबसाइटीवर खुर्चीत बसलेल्या एका हसऱ्या म्हाताऱ्याची तसबीर होती, मांडीवर कुत्रा, आणि खाली 'सर्वांचे स्वागत'. मंगळवारी जेवणे उरकून स्वारी निघाली. पुढे हिलेल साहेब, शेजारी मोरपंखी मातुःश्री, मागे अविवाबाई, आणि डिकीत रथ. एम-पंचवीसच्या रस्त्यावर लॉऱ्यांच्या सेनेने दीड घटका कोंडी करून धरिली, तीही फोडून दिवस कलण्याच्या आत स्वारी विदरमेअरास दाखल जाहली.

मॅनेजरीणबाई हिरव्या बुटांनिशी सामोऱ्या आल्या. त्यांनी रथ पाहिला आणि चेहरा दयेने भरून आणिला. हिलेल साहेबांनी तसबिरीचा दाखला देताच कळले की तो म्हातारा मालकांचा बाप, आणि तसबीर बंगल्याच्या हिरवळीवरची. तळ्यावर तो कधी गेला नाही. मग बाईंनी फर्माविले की तळ्याची वाट नैसर्गिक ठेविली आहे, तिचे कॅरॅक्टर बिघडवू नये हे आमचे धोरण, तरी मिसने गाडीतच बसावे, हीटर लावावा, काचेतून आकाश उत्तम दिसते, 'शी विल बी एव्हर सो कम्फी'.

तोच शब्द. अविवाबाईंनी हनुवटी खाली घातली. हिलेल साहेबांचे हात आपसूक रथ वळवू लागले, बारा वर्षांची सवय गळ्यापर्यंत आली.

इतक्यात झाडीतून क्लाइव्ह नामे शिकारखात्याचा वृद्ध चाकर प्रकट जाहला. तो रबरी चाकांचा हातगाडा ओढीत होता, आणि गाड्यात सकाळची मारलेली बदके निजली होती, आणि गाडा लोण्यावरून यावा तैसा बिनआवाज येत होता. अविवाबाईंची नजर गाड्याखाली गेली. लाकडी फळ्यांचा सलग रस्ता. चाक घसरू नये म्हणून फळ्यांवर तारेची जाळी ठोकलेली, वळणावर बेताचा उतार, कडेस पट्टी.

"व्हेअर डझ दॅट गो?" बाईंनी पुसले.

"स्ट्रेट टू द पॉन्ड, माय लव्ह," क्लाइव्ह म्हणाला.

मॅनेजरीणबाई घाईने म्हणाल्या की ती वाट लोकांकरिता नाही, ती फक्त बर्ड्सकरिता.

"बट बर्ड्स कॅन फ्लाय," अविवाबाई म्हणाल्या.

"नॉट दीज वन्स," क्लाइव्ह म्हणाला.

 वाचणाराने हे नीट ध्यानी घ्यावे. मेलेल्या बदकास हिसका बसू नये, पीस विस्कटू नये, म्हणून सुतार लावून पाऊण फर्लांग रस्ता बांधिला, आणि तेणेकरून कोणाचे कॅरॅक्टर बिघडले नाही. जित्या पोरीस मात्र हीटर.

मॅनेजरीणबाई हिलेल साहेबांकडे पाहून हसल्या. समजूतदार माणूस ओळखता येतो, ऐसे ते हसू होते. हिलेल साहेबांनी तोंड उघडिले.

"नो," म्हणाले. आणि थांबले. इतके थांबले की क्लाइव्हने गाडा खाली टेकविला. मग म्हणाले, "वरीज. मेनी वरीज."

आणि मग बारा वर्षांची तुंबलेली बाकी बाहेर पडली. तीन पायऱ्या निघाल्या, फलक निघाला, मिनीबस निघाली, आणि माझी मुलगी आज गाडीत बसणार नाही ऐसे ते इंग्रजीत सांगावयास लागून मराठीत संपले, आणि आवाज चढला, आणि गाडीची काच खाली करून मातुःश्रींनी वरून जोड दिली, "सांग तिला, अजून सांग!" मॅनेजरीणबाईंस भाषा कळली नाही, मजकूर कळला. त्या विम्याचा फॉर्म आणावयास कचेरीत गेल्या. तो फॉर्म अद्याप सापडला नाही. क्लाइव्हने वितीने गाडा मोजिला, मग रथ मोजिला. रथ चार बोटे अरुंद भरला. त्याने बदके उचलून बाजूस ठेविली आणि टोपीस हात लाविला.

मग अविवाबाई स्वहस्ते चाके फिरवीत त्या वाटेने निघाल्या, कोणी ढकलले नाही, आणि मागून हिलेल साहेब, आणि त्यांमागे बंदूक घेऊन क्लाइव्ह. तळ्याकाठी वेळूच्या तट्ट्याआड रथ उभा केला. पाणी दोन हातांवर होते. दिवस बुडत आला, आभाळ तांबूस जाहले, आणि बाईंनी ओठ ओले करून हाक घातली, आधी उंच, मग उतरत उतरत पाच वेळा. क्लाइव्हने चमकून मागे पाहिले, की बदकीण कोठून आली. आणि लांबवर सात काळे ठिपके वळले, आणि मोठे होऊ लागले, आणि घिरटी घेऊन पंख आवरू लागले.

ऐशा ऐन समयी हिलेल साहेबांच्या खिशात फोन वाजला. ब्रॅकनेलचा एक सर्व्हर पडला होता. सातही बदके फिरली.

क्लाइव्हने सभ्यपणे आभाळाकडे पाहिले. अविवाबाईंनी सभ्यपणा बाजूस ठेविला आणि हुकूम सोडिला:

"डॅडा. यू आर टू लाऊड. तू गाडीमध्ये वेट कर."

हिलेल साहेबांनी फोन बंद केला. मग म्हणाले, "नो वरीज." जन्मात हजारदा म्हटले असेल, पोटातून म्हटले ते प्रथमच.

ते गाडीत जाऊन बसले. मातुःश्रींनी हीटर लाविला आणि डब्यातली घारी हातावर ठेविली. बाहेर अंधारू लागले. काचेपलीकडून हाक आली, आणि तिला वरून दुसरी हाक आली.

"ते ओरडतंय ते बदक की आपली पोर?" मातुःश्रींनी पुसले.

हिलेल साहेबांस सांगता येईना. त्यांस रडू येत होते, आणि ते त्यांनी लपविले नाही. मग दोन बार वाजले.

क्लाइव्हने त्या संध्याकाळी इस्टेटीच्या शिकारवहीत आपल्या वळणदार हाताने नोंद केली ती येणेप्रमाणे: बंदूक एक, क्लाइव्ह. हाक देणार एक, मिस अविवा वाकरूळकर. बदके दोन, फळ्यांच्या वाटेने आणिली. जाहीरनाम्याचे कलम पहिले पाळून ती दोन्ही बदके त्यासच बक्षीस जाहली. घरी पुढच्या आठवड्यात एलियाहू हन्नाबीच्या नावे नवसफेडीचा मलिदा जाहला, आणि नीलास बोलावून बदक कैसे बोलते ते शिकविण्यात आले.

बापाची नोंद त्या वहीत नाही. ते गाडीत होते, आणि कम्फी होते. येथवर मोहीम फत्ते जाहली हे खरे जाणावे.